झोळीच्या शिवणीतला निळा धागा

मी झोळी बोलतेय. दारोदार फिरले खरी, पण कुणाकडे काही मागायला नाही. लोकच आपला सगळ्यात मोठा ऐवज माझ्यात आणून ठेवायचे, तोही दोन्ही हातांनी, जपून. एवढा मान तिजोरीलासुद्धा मिळत नसेल. तान्ह्या बाळांचं वजन करायची झोळी मी.

आधीच सांगून ठेवते, मला लिहिता-वाचता येत नाही. आकड्यांचं सगळं आमच्या ह्यांच्याकडे. आमचे हे म्हणजे काटा. गोल तोंड, पोटात स्प्रिंग आणि स्वभाव ताठ. ते वर हुकाला लटकायचे आणि मी त्यांच्याखाली. बघणारे सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघायचे, बाळ मात्र माझ्या मांडीवर. आकडा त्यांनी दाखवायचा आणि भार मी सोसायचा. संसार म्हटला की असंच असतं. पण आठवणीच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. माझ्यात बसून गेलेलं एकेक बाळ मला आठवतं. कुणी पाय आखडून बसायचं, कुणी मुठी वळून, आणि कुणी बसल्या बसल्या मला भिजवून जायचं.

माझा जन्म छत्र्या आणि तंबू शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानातला. नर्सबाईंनी जाड सुती कापड त्याच्यापुढे टाकलं.

"काय भरणार यात?" त्यानं विचारलं.

"माणूस."

शिंप्यानं चष्मा कपाळावर सरकवून बाईंकडे बघितलं. मग सुईत दुहेरी दोरा ओवला. प्रत्येक शिवण दोनदा घातली, टोकांना लोखंडी कड्या बसवल्या, आणि आपली जड इस्त्री माझ्यात ठेवून मला दिवसभर दाराला टांगलं. संध्याकाळी म्हणाला, "घेऊन जा बाई. लोखंड पडलं नाही, लेकरू काय पडतंय!"

त्या दिवसापासून मी नर्सबाईंच्या पिशवीत. बाई घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. कुणाचं अडलं तर वेळेवर दवाखान्यात पाठवायच्या. मग महिनाभर आई-बाळाकडे लक्ष ठेवायच्या. त्यांची शिस्त कडक. घरात शिरल्या की आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. दुसऱ्या कुणाला बाळ घ्यायचं असेल तर त्यानंही धुवायचे, मग तो बाळाचा बाप असो नाहीतर आजोबा. "बाळाला पापा नंतर, साबण आधी," असं त्या तोंडावर सांगायच्या. माझीही सुटका नव्हती. एका बाळाची झोळी न धुता दुसऱ्याकडे जायची नाही, म्हणून उकळतं पाणी आणि कडक ऊन माझ्या पाचवीलाच पुजलेलं.

आणि वजनाची रीत अशी. आधी मला रिकामी टांगायची आणि काटा शून्यावर आणायचा. म्हणजे माझं वजन धरायचंच नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. स्वतःला शून्य केल्याशिवाय दुसऱ्याचा भार खरा कळत नाही. मग बाळ उघडं करून, मानेखाली हात धरून अलगद ठेवायचं. "कपड्याचं वजन आईच्या दुधात धरायचं नसतं," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. सव्वीस वर्षांत ही रीत त्यांनी एकदाच मोडली. तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

थंडीचे दिवस. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. खालच्या दुकानात पंक्चर काढणारा तो बाळाचा बाप. वर त्याची बायको, पहिलटकरीण, वीसेक वर्षांची. तिची आई नव्हती. सगळं करायला सासूबाई.

सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी झाली. बाईंनी तिला मऊ फडक्यानं कोरडी केली आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघींवर एकच पांघरूण घातलं. "आईच्या अंगासारखी शेगडी कुठे मिळायची नाही," म्हणाल्या. तासाच्या आत बाळ प्यायला लागलं. पिवळसर, घट्ट, थेंबभर दूध.

सासूबाई मधाची बाटली घेऊन पुढे झाल्या. "बोटभर चाटवते हो. गोड बोलेल पोर."

"आजी, तुम्ही लहानपणी केवढा मध चाटलात?"

"मला कुठला मिळायला!"

"तरी किती गोड बोलता! राहू दे मग. वर्षभर मध नाही, सहा महिने पाणीही नाही. हे पिवळं दूध फेकायचंही नाही. जन्माची पहिली लस आहे ती."

सासूबाई हसल्या, बाटली फळीवर गेली. पण वजनाची वेळ आली तेव्हा हसल्या नाहीत. बाळाला त्यांनी स्वतः विणलेल्या निळ्या लोकरीच्या शालीत दुहेरी गुंडाळलं होतं, वर टोपी आणि मोजे. बाई शाल सोडवायला गेल्या, तर म्हातारीनं हात धरला.

"नको हो नर्सबाई. माझा पहिला थंडीनंच गेला. सहा दिवसांचा होता. उघडं नका करू."

बाईंचं मन विरघळलं. "बरं. आत्ता शालीसकट करते, मागाहून शाल वेगळी तोलून वजा करीन." बाळ शालीसकट माझ्यात आलं. माझ्या अंगाला लगेच कळलं, हे नुसतं बाळ नव्हे, यात लोकर आहे. ह्यांनी आकडा दाखवला, बाईंनी वहीत लिहिलं, तीन किलो. तेवढ्यात पलंगावरून बाळंतीण म्हणाली, "बाई, मला गरगरतंय." बाईंनी बाळ सासूबाईंकडे दिलं, मला पिशवीत कोंबलं आणि तिच्याकडे धावल्या. तिला सावरलं, गरम पेज पाजली, रक्तस्राव तपासला. सगळं ठीक निघालं. शाल तोलायची मात्र राहून गेली. वहीत तीन किलो तसेच राहिले.

मी काय करणार? माणसांना ऐकू जाईल असं तोंड मला नाही. कडीजवळच्या शिवणीत त्या शालीचा एक निळा धागा अडकला होता, तो तेवढा धरून ठेवला. धुतलं, पिळलं, उन्हात टाकलं, तरी सोडला नाही.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या जिन्यानं वर गेलो. नाळ बघितली. कोरडी होती, कुणी काही लावलं नव्हतं. बाळ पाठीवर, कडक गादीवर, उशीशिवाय झोपलं होतं. तोंडावर पांघरूण नाही. बाईंनी सांगितलेलं सगळं बाळंतीण पोरीनं शब्दन् शब्द पाळलेलं. बाई खूश झाल्या. दार लावून घेतलं, खोली ऊबदार केली, बाळाला रीतसर उघडं केलं आणि माझ्यात ठेवलं.

ह्यांनी आकडा दाखवला. बाईंनी पुन्हा शून्य तपासलं, पुन्हा ठेवलं. तोच आकडा.

"अडीच किलो," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?" पोरीनं विचारलं.

"पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, दहाव्या भागापर्यंत. पण हे अर्धा किलो दिसतंय."

सासूबाई दाराशी बसलेल्या मुलाकडे वळल्या. "मी म्हणत नव्हते? सारखं छातीला लावते, सारखं लावते. पोटात जातच नाही काही! अरे, ऊठ, डब्याचं दूध घेऊन ये, बाटली आण."

बापानं एका पायात चप्पल घातलीसुद्धा. बाईही त्याला अडवेनात. "खरंच अर्धा किलो उतरलं असेल, तर आज दवाखान्यात न्यावंच लागेल. वरचं दूधही द्यावं लागेल."

बाळ रडलं तसे पोरीनं जवळ घ्यायला हात पुढे केले, आणि मधेच मागे घेतले. पदर सारखा केला. "माझ्यात नाहीच वाटतं काही," एवढंच पुटपुटली. चार दिवस दर दोन-तीन तासांनी उठून पाजणारी आई ती. एका आकड्यानं तिचे हात गळून पडले. मी टांगलेली, रिकामी. अंगातला दोरान् दोरा ओरडत होता, पण ऐकू कुणाला जाणार?

बाई वही मिटणार होत्या. पण बाई शेवटी बाईच. त्यांनी विचारलं, "लंगोट किती ओले झाले कालपासून?"

"सात."

"शी?"

"काळी होती, काल पिवळी झाली."

"पिताना गिळल्याचा आवाज येतो?"

"येतो ना. कच् कच् असा. प्यायल्यावर माझी छाती हलकी होते आणि ही मुठी सोडून झोपते."

बाईंनी तिला पाजायलाच बसवलं. बाळाचं तोंड मोठं उघडलं, हनुवटी छातीला टेकली, नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला. कच्, कच्. खोलीत सगळे कान देऊन ऐकत राहिले.

"काटा एक सांगतोय आणि लंगोट दुसरंच," बाई म्हणाल्या. "दोघांत कुणीतरी खोटं बोलतंय."

आमचे हे वर ताठ. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना खोटं म्हणालं होतं.

बाईंनी मला हुकावरून काढलं, कुठे उसवले-बिसवले का बघायला. बोट शिवणीवरून फिरत फिरत कडीपाशी आलं. तिथं अडखळलं. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. निळा धागा. बाईंनी धाग्याकडे बघितलं, मग दोरीवर वाळत घातलेल्या शालीकडे, मग कपाळावर हात मारला.

"आजी, शाल वाळली का? द्या इकडे. टोपी, मोजेसुद्धा."

मला पुन्हा टांगलं. शाल, टोपी, मोजे माझ्यात आले. ओळखीचा भार! आमचे हे झुकले.

"साडेतीनशे ग्रॅम," बाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे वहीत खाडाखोड केली. "पोरगी तीन किलोची नव्हतीच. दोन किलो साडेसहाशेची होती. उतरलंय ते दीडशे. एवढं सगळ्यांचंच उतरतं." मग पोरीपुढे बसून तिचा हात हातात घेतला. "चूक माझी बाळा. तुझ्या दुधाची नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, कपडे काढा, कपडे काढा, आणि स्वतः विसरले."

आता म्हातारी बाईंना फाडून खाणार असं मला वाटलं. पण म्हातारी शालीकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाई, नात वाळली नाही. माझ्या शालीचंच दूध आटलं म्हणायचं!"

बाप एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन दारातच उभा. "मग डबा आणू की नको?"

"चप्पल काढ आणि हात धू," सासूबाई म्हणाल्या. पोर हसली. हसताना रडली. बाळाचं पिणं चालूच होतं, त्याला ह्या सगळ्याचं काय?

जाताना बाईंनी बजावलं, "मी चुकू शकते, म्हणून खुणा तुम्ही ओळखा. बाळ प्यायचं थांबलं, लंगोट कोरडे राहिले, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरात चालला, तर माझी वाट बघू नका. थेट दवाखाना गाठा." तेव्हापासून लंगोट मोजायचं काम सासूबाईंनी घेतलं. बोटांवर मोजायच्या, पण एक चुकायचा नाही. शिकलेली नसली म्हणून काय झालं, माझ्याच जातीची बाई ती.

अकराव्या दिवशी गेलो तर म्हातारीनं आधीच दार-खिडकी लावून खोली गरम केलेली. स्वतःच्या हातानं बाळाचे कपडे काढले आणि स्वतःच माझ्यात ठेवलं. दोन किलो सातशे. जन्माचं वजन भरून वर पन्नास. पोरीनं मान अशी वर केली, की आमच्या ह्यांचा ताठा तिच्यापुढे काहीच नाही.

आता माझे दिवस सरले. बाईंकडे पेटीसारखा नवा काटा आलाय, त्यावर आकडे उजळतात. आमच्या ह्यांची स्प्रिंग सैल झाली, तरी रुबाब तोच. पहिलटकरणींना शिकवायच्या खोलीत आम्ही दोघं भिंतीवर असतो. दर वेळी बाई मला खाली घेतात, शिवणीतला निळा धागा दाखवतात आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगतात. चूक लपवणारे पुष्कळ पाहिले. ती अशी टांगून ठेवणारी ही एकच बाई, आणि मी तिची झोळी. ह्याहून जास्त मोठेपण मला नको.

तुम्हा नव्या आयांना एवढंच सांगते. आकडा ऐकून हात मागे घेऊ नका. आधी विचारा, काय काय धरून तोललंत? काट्याला डोळे नसतात, तुम्हाला आहेत.

परवा ती पोर आली होती. आता बाईंच्या हाताखाली नव्या आयांना शिकवते. चार वर्षांची लेक बरोबर. मला खाली टांगलेली बघून त्या चिमुरडीनं आपली बाहुली माझ्यात टाकली, झगा, टोपी, बूट, सगळ्यासकट.

"आई, बघ ना, केवढी भरली?"

वहीतून मान वर न करता आई म्हणाली, "आधी कपडे काढ तिचे."