मॉरिस अंकलना अडवणारा खांब

"बाबा, उद्याची फायनल आम्ही खेळायची कुठे? तुमच्या स्टेजवर?"

सान्वीने दाराशी बूट आपटले. सुदेशने मान वर केली नाही. तो मानपाड्यातल्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी, आणि समोर निमंत्रणपत्रिकांचा ढीग. मंडळाचे एकेकाळचे नामांकित फॉरवर्ड मॉरिस अंकल पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. त्यांचा जंगी सत्कार रविवारी होता आणि मांडव थेट मैदानात, एका गोलच्या तोंडाशी उभा राहिला होता.

"अगं, एवढे पाहुणे येणारेत. मॅच पुढच्या आठवड्यात खेळा."

"नाही चालत! मैदान तयार नसलं तर कल्याणच्या टीमला पुढे चाल देणार. वर्षभर घाम गाळून आम्ही न खेळताच हरायचं?"

"एका मॅचने काय बिघडतं?" सुदेश म्हणाला.

मंडळी, हे वाक्य आपण सगळेच किती सहज बोलतो! मैदानात लग्न, मैदानात सेल, मैदानात भाषण. खेळणाऱ्यांनी तेवढं समजून घ्यायचं.

तासाभराने मॉरिस अंकल ठाण्याहून आले. सुदेश त्यांना कौतुकाने स्टेज दाखवायला घेऊन गेला. सान्वीही बॉल काखेत घेऊन मागोमाग आली, मुद्दामच. अंकलनी स्टेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते गोलपासून पावलं मोजत आले आणि मांडवाच्या एका खांबाशी थांबले.

"माझे निम्मे गोल इथून मारलेले रे मी," ते म्हणाले. "पोरी, बॉल दे. सुदेश, तू बॅक. अडव मला."

सुदेश हसत समोर उभा राहिला. अंकलनी काठी बाजूला टाकली, डावा खांदा जरासा झुकवला. सुदेश तिकडे धावला आणि बॉल उजवीकडून निघूनसुद्धा गेला! सान्वीने टाळ्या पिटल्या. पण पुढच्याच क्षणी बॉल खांबावर आपटून परत अंकलच्या पायाशी आला.

"बघ सुदेश," अंकल म्हणाले, "मोठमोठे बॅक मला अडवायला आलेले. एकालाही जमलं नाही. तुझ्या खांबाला जमलं."

सुदेशचा चेहरा उतरला. "अंकल, हे सगळं तुमच्यासाठीच केलंय."

"ठाऊक आहे रे. पण फॉरवर्डला काय लागतं? मोकळी जागा. आमच्या म्हाताऱ्यांनी ती ठेवलेली, म्हणून मी घडलो. तू माझा सत्कार करतोस आणि तीच जागा हिच्या पायाखालून काढून घेतोस? असली शाल मला नको!"

सुदेशने मुलीकडे पाहिलं. ती खांबासाठी खणलेल्या खड्ड्याची कड पायाने चाचपत होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने तिथूनच मंडपवाल्याला फोन लावला.

"पोपट, मांडव उतरव."

"अहो साहेब, उद्या कार्यक्रम आहे ना?"

"आहे. फुटबॉलचा आहे!"

संध्याकाळपर्यंत सगळे खड्डे मुरूम टाकून चोपून झाले. फावडं मारता मारता सेक्रेटरींच्या हाताला फोड आले, आणि बरंच झालं म्हणायचं!

रविवारी पाहुणे मैदानाच्या कडेला खुर्च्यांवर बसले. सुदेशने मॅचआधी अंकलच्या खांद्यावर शाल घातली, पण भाषणाचा कागद काढताच अंकल म्हणाले, "बास. बाजूला हो, मॅच दिसत नाही!"

मॅच एक-एक अशी अडली होती. मिनिटभर उरलं असताना टीममधल्या दिशाने सान्वीकडे पास दिला. सान्वी गोलसमोर पोहोचली, काल खांब होता नेमकी तिथे. कल्याणची उंच बॅक अंगावर आली. सान्वीने डावा खांदा जरासा झुकवला. बॅक तिकडे गेली, बॉल उजवीकडून पुढे, आणि गोल!

अख्खं मैदान उठून नाचलं. अंकलनी शाल काढून डोक्यावर गरगरा फिरवली. सुदेश धावत गेला आणि त्याने लेकीला उचलून घेतलं. "बाबा, बघितलंत? जागा होती!" ती ओरडली. त्याला रडू आवरेना.

त्याच आठवड्यात मंडळाने ठराव केला की या मैदानात पुन्हा खड्डा खणला जाणार नाही. थोर खेळाडूचा मान शाल-श्रीफळाने होतो, नाही असं नाही. पण तो ज्या जागेवर घडला ती जागा पुढच्या मुलामुलींसाठी मोकळी ठेवणं, हा त्याचा खरा सत्कार.

मंडळी, तुमच्या मैदानातला खांब कधी काढताय?