पाटीच्या दगडाची रेघ

लग्नानंतरची बावीस वर्षं मोरागनं त्या पडक्या बुरुजाला दिली. आधी छप्पर, मग मूल, असं तिचा नवरा टॉर्किल म्हणायचा. छप्पर झालं तेव्हा तिची चाळिशी कधीच उलटून गेली होती. चुना कालवून कालवून हातांची सालं निघाली, पण स्कॉटलंडच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात भिंत चढत गेली. जुनं बांधकाम कुठं संपलं आणि नवं कुठून सुरू झालं हे पुढच्यांना कळावं, म्हणून सरकारी नियमाप्रमाणे दोन्हींच्या मध्ये पाटीच्या दगडाचा पातळ थर घालावा लागे. खाली जुनं, वर नवं. दिवाणखान्यात ती काळी रेघ मोरागच्या गुडघ्याशी होती. तिनंच ती बसवली होती.

शेकोटीच्या वर, तिथल्या रिवाजाप्रमाणे, दोघांनी आपापली नावं कोरली होती, एकावर एक बसवलेल्या दोन दगडांत.

"माझं खाली का रे?"

"पाया तूच ना," टॉर्किल हसला होता. त्याच दिवशी छिन्नी निसटली आणि तिच्या अंगठ्यावर कायमचा व्रण राहिला.

यंदा मार्चमध्ये केर काढताना तिला रेघ कमरेशी दिसली. गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे दगड मोरागनं स्वतः उचलून लावलेले, आणि आता शतकं लोटल्यासारखे झिजलेले, शेवाळलेले. एप्रिलात रेघ खांद्याशी आली.

"रेघ वर सरकतेय," ती म्हणाली.

"तूच वाकत चाललीयस, म्हातारे." टॉर्किलनं पेपरातून मान वर काढली नाही. तिनं केरसुणी उचलली. बावीस वर्षं गप्पच तर बसली होती मेली.

मे महिन्यातल्या एका दुपारी बुरुजाचा इतिहास लिहून न्यायला वार्ताहर आला. मोराग चहाचा ट्रे घेऊन आत आली तेव्हा टॉर्किल त्याला सांगत होता, "सगळं एकट्यानं उभं केलं मी."

आज बोलायचंच, असं ठरवून तिनं शेकोटीकडे बोट केलं. "तिथं माझं नाव आहे."

वार्ताहरानं तिकडे पाहिलं. रेघ आता त्या दोन दगडांच्या मधून गेली होती. वर टॉर्किलची अक्षरं कालच कोरल्यासारखी होती. खालचा दगड झिजून सपाट झाला होता.

"आणि हा कोणाचा?" त्यानं टॉर्किललाच विचारलं.

"असेल कुणी बाई, पाचशे वर्षांपूर्वीची. काही वाचता येत नाही," टॉर्किल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. बावीस वर्षांत त्याचं खोटं तिला आवाजावरून कळू लागलं होतं.

मोरागनं ट्रे खाली ठेवला, त्या दगडावरून अंगठा फिरवला आणि मग तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

व्रण नव्हता.