लाकडी स्टुलाची गुडघेदुखी

टॅक्सीवाल्याच्या कमरेवरून बाबांनी ओला टॉवेल फिरवला, काचेच्या वाडग्यावर धरला आणि पिळला. पाहता पाहता पाणी लाल झालं. हॉलमधल्या शंभर-दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले. पुढे बसलेल्या एक आजी तर डोळे पुसायलाच लागल्या.

"बघा!" बाबा म्हणाले. "सहा वर्षांचा ताण! कमरेत दबा धरून बसला होता. मालकाची बोलणी, घरची चिंता, रस्त्यावरचा वैताग, सगळं या वाडग्यात उतरलं. ना सुई, ना गोळी. निसर्ग, फक्त निसर्ग!"

दुखणं ओढून काढतात म्हणून लोक त्यांना ओढेबाबा म्हणत. पद्धत ठरलेली होती. माणसाला गादीवर झोपवायचं, अर्धा तास सावकाश श्वास घ्यायला लावायचा, दुखऱ्या जागी गरम टॉवेल ठेवायचा आणि मग 'सात मुळ्यांची' पांढरी पूड चोळायची. पूड चुरचुरली की बाबा म्हणत, "जुना भाडेकरू आहे, खोली सोडताना कुरकुर करणारच!" शेवटी ओल्या टॉवेलने पूड पुसून तो वाडग्यात पिळायचा. दर आठवड्याला पाण्याचा रंग फिका होत जायचा. रंग संपला की दुखणं संपलं, असा हिशेब.

डागवाली भिंतीला टेकून उभी होती, पण तिचा एक पाय सारखा हलत होता. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती अठरा वर्षं डाग काढण्याच्या टेबलावर होती. तिची धाकटी बहीण तिथेच चादरींच्या घड्या घालायची. धाकटीला संधिवात. बोटं सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही. तिला या हॉलमध्ये पहिल्यांदा आणलं ते डागवालीनेच. ते लाल पाणी बघून डागवालीनेही हात जोडले होते. आता तेच हात तिला कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

धाकटीचा नंबर आला. टॉवेल पिळला. पाणी जेमतेम गुलाबी झालं.

"वा, ताई! संपत आलं!" बाबांनी वाडगा उंच धरला. "आणि गोळ्या सोडल्यात ना? केमिकलची गोळी आणि माझं पाणी एका घरात नांदत नाही बरं का."

टाळ्या पडल्या. धाकटी हसत खाली आली. तिला पर्सची चेन उघडता येईना. डागवालीने ती उघडून दिली तेव्हा तिला ती बोटं दिसली. पहिल्यापेक्षा जास्त सुजलेली होती.

घरी येताच तिने बहिणीचा कप्पा उपसला. गोळ्यांची पाकिटं न फोडलेली, एकावर एक.

"किती दिवस झाले?"

"अडीच महिने."

"अगं, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मनाने बंद केल्या तर बोटं वाकडी होतील. एकदा वाकली की सरळ होत नाहीत!"

"ताई, मला नेलंस कोणी? तूच ना? पाणी फिकं होतंय हे तूही पाहतेस. पाणी खोटं बोलतं का?"

पुसलेला ओटा डागवाली परत परत पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत नेहमीची गडबड होती. धुतलेल्या चादरीत सोडा राहिला तर रुग्णाच्या कातडीला त्रास होतो, म्हणून ओल्या चादरीवर एका बाटलीतला थेंब टाकून तपासतात. थेंब पाण्यासारखाच, बिनरंगी. सोडा राहिला असेल तरच तो लाल होतो. मुकादमाने थेंब टाकला आणि ओरडला, "लाल झालं! सोडा राहिलाय, परत खंगाळा!"

ही आरोळी डागवालीने अठरा वर्षं ऐकली होती. आज हातातला ब्रश तसाच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! ज्या लाल रंगापुढे तिने हात जोडले, तो तिच्या टेबलापासून दहा पावलांवर रोज दिसत होता. तिला बाबांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा.

धाकटीला तिने दुपारीच सगळं सांगितलं. धाकटी म्हणाली, "लाल काय, रक्तही लालच असतं." डोळ्यांनी पटलेलं डोळ्यांनीच खोडायला हवं होतं. पुढच्या रविवारपर्यंत डागवाली कशी थांबली ते तिचं तिलाच ठाऊक.

रविवारी ती मुकादमाला विचारून घेतलेली ती बाटली आणि व्हिनेगर पिशवीत घालून हॉलमध्ये गेली. दारातलं लाकडी स्टूल उचललं आणि थेट बाबांसमोर ठेवलं.

"बाबा, हे स्टूल दुखण्याने हैराण आहे. वीस वर्षं माणसं याच्यावर बसतात, गुडघे गेलेत बिचाऱ्याचे."

लोक हसले. "श्रद्धेची थट्टा नको," असं बाबा म्हणेपर्यंत तिने त्यांच्या डब्यातली चिमूटभर पूड स्टुलाच्या पायाला चोळली, ओल्या टॉवेलने पुसली आणि टॉवेल वाडग्यात पिळला. पाणी लालभडक!

"अरेरे, किती सोसलंय त्याने!" मागून कोणीतरी ओरडलं.

बाबा मात्र कच्चे नव्हते. "बसणाऱ्या माणसांचा ताण लाकडात मुरतो! तोच उतरलाय!" निम्म्या माना डोलल्यासुद्धा.

"असं? मग हे बघा." तिने वाडग्यात व्हिनेगर ओतलं. लाल रंग पुसल्यासारखा गेला. "वीस वर्षांचा ताण, आंबट पाण्याने गेला! आता हा पेला. पाणी इथल्याच नळाचं, थेंब आमच्या लाँड्रीचे आणि पूड बाबांची." पेला लाल झाला. "सात मुळ्या नाहीत या, धुण्याचा सोडा आहे. आमच्याकडे पोत्याने येतो, म्हणून तर चुरचुरतो. वाडग्यातल्या पाण्यात हे थेंब आधीच असतात. पूड जास्त चोळली की पाणी लाल, कमी चोळली की फिकं. आपलं दुखणं कमी होत नव्हतं, यांची चिमूट कमी होत होती!"

हॉलमध्ये एकच गलका उठला. टॅक्सीवाला बाह्या सरसावून पुढे झाला. बाबांना नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने ध्यानाला गेले ते गेलेच.

धाकटी तेवढी हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. "मग मला इथे बरं का वाटायचं, ताई? तेही खोटंच?"

"नाही गं, ते खरं होतं." डागवालीने तिचा हात हातात घेतला. "तू अर्धा तास स्वस्थ पडून राहायचीस. गरम टॉवेल मिळायचा, श्वास सावकाश चालायचा, 'कुठे दुखतं' म्हणून कोणीतरी विचारायचं. दिवसभर आपल्याला कोण विचारतं? मी तरी कधी विचारलं? त्याने ताण हलका होतो, दुखणं सोसवतं. ते घरीही करता येतं. टॉवेल आहे, गादी आहे, मी आहे. पण सांधे आतून बिघडायचे थांबवायला औषध लागतं. दोन्ही करायचं. एकासाठी दुसरं सोड म्हणेल तो लबाड समजायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हळूहळू सूज उतरली. उजव्या हाताची करंगळी मात्र वाकली ती वाकलीच.

आता जेवणाच्या सुट्टीत घडीवाल्या बायका दहा मिनिटं पाठ टेकतात, मान आणि मनगटं सैल सोडतात. मुकादम आधी कुरकुरला, मग एक दिवस स्वतःच आडवा झाला. डागवाली प्रत्येकीला सांगते, "डाग कशाचा ते कळल्याशिवाय आपण त्याला हात लावत नाही. दुखणं कशाचं ते आधी डॉक्टरला विचारा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर तोच चमत्कार स्टुलावर होतो का बघा."

कोणी नव्या बाबाचं कौतुक करू लागलं, तर धाकटी काही वाद घालत नाही. ती फक्त दोन्ही हात जोडून समोर धरते. सगळी बोटं जुळतात, एक करंगळी बाहेर राहते.

"हात जोडायच्या आधी विचार करा," ती म्हणते. "नंतर ते नीट जुळत नाहीत."