मार्लिसच्या नावावरचं हरीण

ड्वेनने नकाशा उलगडला तो थेट केकच्या ताटावर. मार्लिसने ताट खालून ओढून काढलं, नकाशाला लागलेला केक बोटाने निपटला आणि ड्वेनच्या कपात कॉफी ओतली. दीर आहे, नवऱ्याचा धाकटा भाऊ आहे, आणि गेली कित्येक वर्षं शिकारीचे बेत तिच्याच स्वयंपाकघरात शिजत आलेत. केक तिचा, कॉफी तिची, मागची खरकटी आवराआवरही तिचीच.

"यंदा विस्कॉन्सिनातल्या या बारक्या हरणांच्या मागे नाही लागायचं," ड्वेन म्हणाला. "वायोमिंग! खेचरासारख्या कानांची ही एवढाली हरणं. गाडी माझी. दक्षिण डकोटात एक मुक्काम, केबिन मी बोलून ठेवलीय. सोमवारपर्यंत अर्जाची मुदत आहे. चौघांचा एकत्र अर्ज टाकू, सोडतीत लागले तर चौघांनाही परवाने, माणशी एक हरीण."

"चौघं कोण?" मार्लिसने विचारलं. तिथे बसले होते तिघेच: ड्वेन, तिचा नवरा गॉर्डी आणि शेजारचा लाईल.

"अगं, चौथी तू!"

खरं सांगायचं तर मार्लिसला उकळ्या फुटल्या. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, पण गावाच्या शिवेबाहेर तिची बस कधी गेली नव्हती. तिने ओले हात पुसले, खुर्ची ओढली आणि प्रथमच त्यांच्या बेतात टेबलाशी बसली.

"कुठून कसं जायचं?" ती नकाशावर वाकली.

"त्याची चिंता तुला कशाला? तू आपली केबिनमध्ये शेगडीपाशी ऊब घेत बस. माझ्या परवान्यावर मी मिळेल ते मारीन, आणि तुझा परवाना खास मोठ्या नरासाठी राखून ठेवीन. आणि हो, तिथून हरणाचं डोकं तसंच राज्याबाहेर न्यायला बंदी आहे, कसल्याशा रोगापायी. कवटी उकळून स्वच्छ करावी लागते. ते तू बघ. तुझं ते मोठं पातेलं घे बरोबर."

मार्लिसने नकाशावरून मान वर केली. तिच्या नावावर मारलेल्या हरणाची कवटी तिनेच उकळायची!

यात ड्वेनला वावगं वाटायचं कारण नव्हतं. विस्कॉन्सिनात ती रीतच होती. टोळीने शिकारीला जावं, एकाने मारलेलं हरीण टोळीतल्या दुसऱ्याच्या परवान्यावर घालावं, कायद्यालाही ते मंजूर. अट एवढीच की तो दुसरा माणूस रानात हाकेच्या अंतरावर हवा. पण ड्वेनसारख्यांची हाक फार लांब जायची, पार स्वयंपाकघरापर्यंत. अर्ध्या गावातल्या बायकांच्या नावावर अशी हरणं होती. मार्लिसच्या नावावर तर गावातलं सगळ्यात मोठं. दहा टोकांच्या शिंगांचं ते डोकं लेकसाइड बारच्या भिंतीवर होतं, खाली पितळी पट्टी: मार्लिस झास्ट्रो. ते हरीण पडलं त्या सकाळी मार्लिस इस्पितळात होती, पित्ताशय काढून घेत. संध्याकाळी ड्वेन फुलं घेऊन आला आणि म्हणाला, "अभिनंदन! आज तू काय जबरदस्त नेम धरलास!" ती हसली होती. हसताना टाके दुखले होते.

लाईलने घसा खाकरला. "पण ड्वेन, वायोमिंगमध्ये हे चालत नाही रे. ज्याचा परवाना त्यानेच मारायचं. पकडले तर बंदूक जप्त करतात."

"त्या माळावर कोण येतंय बघायला?"

"मी बघेन," मार्लिस म्हणाली. "कारण माझ्या परवान्यावर मीच मारणार आहे."

ड्वेन पोट धरून हसला. लाईलही हसला, जरा भीत भीत. "तू? बंदूक कधी हातात तरी धरलीस का?"

"म्हणजे काय? दहा टोकी नर मारलाय मी. तूच तर गावभर सांगतोस."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

ड्वेनचं हसू आटलं. "हे बघ मार्लिस, यायचं तर माझ्या पद्धतीने यायचं. नाहीतर तुझं नाव काढतो."

"काढ. आत्ताच काढ."

तिने गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी कॉफीत बघत होता, जणू तळाशी काही पडलंय. ड्वेनच्या हसण्याने तिला काही झालं नव्हतं. नवऱ्याच्या त्या कॉफीत बघण्याने मात्र तिला लागलं.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "मी माझा वेगळा अर्ज टाकणार. त्यात तुझं नाव घालू, की तू त्याच्याबरोबर जाणार?"

"ड्वेन असाच आहे गं. लहानपणापासून."

"ड्वेन कसा आहे ते मी विचारलंच नाही."

गॉर्डी उठून मागच्या खोलीत गेला. कागदाच्या गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, दोन्ही गुडघे बदललेला. भावाशी भांडण म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. पण दुसऱ्या दिवशी त्याची जुनी रायफल तेलपाणी करून टेबलावर ठेवलेली होती, शेजारी गोळ्यांचा डबा.

मार्लिसने रायफल घेतली, पातेलंही घेतलं आणि गावाबाहेरची जुनी खडीची खाण गाठली. कवटी उकळायला सांगितलेलं तेच पातेलं तिने मातीच्या ढिगाऱ्यावर उपडं ठेवलं आणि नेम धरला. पहिल्या दिवशी एकही गोळी लागली नाही. खांदा काळानिळा पडला, कान बधिर झाले. ती संतापाने मोठमोठ्याने शिव्या देत होती. ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे चांगल्या ठेवणीतल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी गॉर्डीही गाडीत येऊन बसला. तिच्या चार गोळ्या वाया गेल्यावर त्याने काच खाली केली. "श्वास सोड, मग दाब," एवढंच म्हणाला आणि काच वर केली. ती पुढच्या गोळीलाही चुकली. त्यापुढची पातेल्यात शिरली, आणि तो ठणत्कार ऐकून तिला रडू आलं. आपण एवढ्याशा गोष्टीला रडतोय याचाही तिला राग आला.

गावात अशी बातमी लपत नाही. शुक्रवारी संध्याकाळी लेकसाइड बार तळलेल्या माशांच्या वासाने आणि माणसांनी भरला होता. मार्लिस आणि गॉर्डी आत येऊन बसतात न बसतात तोच ड्वेनने ग्लास उंचावला.

"आल्या बघा शिकारीण बाई! काय गं, एवढं मोठं पातेलं, जागचं हलत नाही, पळत नाही, तरी चुकलीस म्हणे?"

सगळा बार हसला.

"चुकले," मार्लिस म्हणाली. "पुष्कळदा चुकले. पण आता त्यात पाणी राहत नाही. तुझ्या कवट्यांसाठी दुसरं पातेलं बघ."

हशा आणखी मोठा झाला, पण या वेळी ड्वेन त्यात नव्हता. "बाकी काही म्हणा," तो आवाज चढवून म्हणाला, "नाव तर वर लागलंय ना भिंतीवर? माझ्यामुळेच लागलंय. त्याचे तरी उपकार मान!"

मार्लिस उठली. "पेचकस आहे का गं?" तिने गल्ल्यावरच्या डोरीनला विचारलं. डोरीनने खणातून काढून दिला. मार्लिसने खुर्ची भिंतीशी ओढली.

"काय करतेस? उतर खाली!" ड्वेन ओरडला.

ती खुर्चीवर चढली. खुर्चीचा एक पाय आखूड होता, ती डगमगली, तिने हरणाच्या धुळकट मानेला धरून तोल सावरला. पट्टीचे स्क्रू गंजले होते. सगळा बार वर बघू लागला. कितीतरी नवऱ्यांनी आपापल्या बायकांकडे बघायचं टाळलं.

"हे हरीण मी मारलेलं नाही," ती वळून म्हणाली. "त्या सकाळी माझं पोट फाडलं होतं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं आणि मी हसून घेतलं. आता नाही हसणार. ज्याचं आहे त्याने उठून सांगावं."

ड्वेन उठला नाही. उठला असता तर इस्पितळात असलेल्या बाईच्या परवान्यावर मारल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर वनखात्याचा निवृत्त रखवालदार मासे खात होता. ड्वेनने भावाकडे पाहिलं. "गॉर्डी! अरे, तिला आवर की!"

गॉर्डी टेबलावर दोन्ही हात टेकून उठला. त्याला उठायला वेळ लागायचा. सगळे वाट बघत होते, मार्लिसही, पेचकस हातात धरून. तो लंगडत आला आणि त्याने तिची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"डावा स्क्रू आधी काढ," तो म्हणाला. "आणि सोमवारच्या अर्जात माझं नाव घाल. तुझ्या खाली."

तिने दोन्ही स्क्रू काढले. पट्टी पर्समध्ये टाकली. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिला.

"तिथे आता कुणाचं नाव लावू?" डोरीनने विचारलं.

"ते ड्वेनला विचार. माझ्या नावाचं हरीण मी वायोमिंगहून आणीन."

"आणि सोडतीत नंबरच नाही लागला तर?" ड्वेनचा आवाज चिरकला. "लागला आणि रिकाम्या हाताने आलीस तर?"

"तर इथेच येऊन सांगेन, रिकामी आले म्हणून." ती गॉर्डीच्या खांद्याला धरून खाली उतरली. "तेसुद्धा माझ्याच नावावर. चल गॉर्डी, मासे गार होतायत."