नागसेनचं एक पाऊल

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवले तरी चालतील, आज अभंग नाही, गोष्ट सांगायची आहे. देवाची म्हणाल तर देवाची, फुटबॉलची म्हणाल तर फुटबॉलची. दुबलगुंडीच्या गुंडाप्पाची आहे, आणि याच मोसमातली आहे, म्हणजे शिळीही नाही.

गुंडाप्पाचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. त्याच्या वाट्याला चार एकर तूर आली आणि दोन वेडं आली. एक कीर्तनाचं. बुवा उभे राहिले की मागच्या ओळीत उजवीकडून तिसरा टाळकरी गुंडाप्पा, हे ठरलेलं. दुसरं वेड गावच्या नवप्रभात क्लबचं. चौदा वर्षांत क्लबची एक मॅच त्यानं चुकवली नाही. घरच्या मॅच असल्या की सकाळी सातला मैदानावर जाऊन फक्की मारायचं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या लायनी आखायचं कामही त्याचंच. त्याचं आणि नागसेनचं.

नागसेन रंगारी. चिटगुप्प्यापासून हुमनाबादपर्यंत निम्मी दुकानं त्यानं रंगवलेली. बुद्ध पौर्णिमेची खीर गुंडाप्पानं नागसेनच्या घरी खायची आणि मैलार मल्लण्णाचा भंडारा नागसेननं गुंडाप्पाच्या घरी कपाळाला न लावता खिशात घालून न्यायचा, असा दोघांचा व्यवहार. नागसेन देव मानत नव्हता. तरी कीर्तनाला यायचा, मांडवाच्या कडेला उभा राहायचा आणि घरी जाताना म्हणायचा, आज बुवापेक्षा तुझा टाळ बरा वाजला.

तो नागसेन ज्येष्ठात गेला. शिडीवर असताना छातीत कळ आली, खाली उतरून पाणी मागितलं, दवाखान्याच्या वाटेतच संपला. आणि श्रावणात क्लबचा मोसम सुरू झाला.

आता मोसमाचं काय सांगावं! दोन जिल्ह्यांतल्या सहा क्लबांचा वरचा गट, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी. पहिलीच मॅच आळंदवाल्यांशी, नवप्रभातनं चार गोल मारले. पोरांनी गुलाल उधळला, हॉटेलवाल्यानं चहा फुकट वाटला. पुढच्याच आठवड्यात ठाणाकुशनूरला तीन गोल खाऊन परतले. समोरचा गोलकीपर एका पायात बूट, एका पायात पट्टी बांधून खेळला होता, आणि त्याच्याकडे एक चेंडू धड गेला नाही. मग गेल्या साली पहिल्या आलेल्या चिंचोळीवाल्यांना शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारून हरवलं. मग स्वतःच्याच जाळ्यात गोल घातला. आज अंगात वारं भरल्यासारखी धावणारी पोरं पुढच्या रविवारी लग्नातल्या जेवणावळीतून उठून आल्यासारखी खेळायची.

हॉटेलात रोज वाद. कुणी म्हणायचं प्रशिक्षक बदला, कुणी म्हणायचं बूट बदला. एकानं तर मैदानाची दिशाच चुकलीय असं शोधून काढलं. गुंडाप्पाला विचारलं की तो म्हणायचा, "व्हय, तसंबी आसंल."

लोकांना वाटायचं क्लबच्या काळजीनं माणूस गप्प झालाय. तसं नव्हतं. खरं तर गुंडाप्पाला कसलंच काही वाटत नव्हतं. चिंचोळीविरुद्ध दुसरा गोल झाला तेव्हा शेजारच्यानं त्याला उचलून धरलं, आणि वर उचललेल्या गुंडाप्पाला दिसलं ते मैदानापलीकडच्या तारेवर वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर. हरल्यावर लोक शिव्या द्यायचे तेव्हा त्याला त्या लोकांचा हेवा वाटायचा. आपली पेटी बंद झालीय, भाता हलवला तरी सूर निघत नाही, असं त्याला वाटे. एकादशीला बुवांनी भक्त आणि देवाच्या ताटातुटीचं आख्यान लावलं, सगळा मांडव डोळे पुसत होता. ज्याच्या डोळ्यांना अशा वेळी सगळ्यात आधी पाणी यायचं तो गुंडाप्पा ठेका चुकू न देता टाळ वाजवत उभा होता, आणि बाहेर लावलेली मोटारसायकल कुणाची असावी याचा विचार करत होता.

नागसेनच्या मातीलाही तो रडला नव्हता. रेणुकाबाई, म्हणजे त्याची बायको, आधी म्हणाली की बरंय, खंबीर आहे. चार महिन्यांनी तिला ते खंबीरपण भिववायला लागलं. एकदा तिनं सरळ विचारलं, "तुमी कामून असं करायलाव?" त्यानं सांगितलं, मी काहीच करत नाही. आणि ते खरंच होतं.

शेवटच्या मॅचच्या आधी त्यानं महेशकुमारला निरोप दिला. महेशकुमार क्लबचा सेक्रेटरी, वह्या-पेनांचं दुकान आहे त्याचं. आता ही मॅच झाली की माझं नाव काढून टाका, लायनी मारायला दुसरं कुणी बघा, मॅचलाही मी येणार नाही. ज्याचं काही वाटतच नाही तिथं नुसतं उभं राहणं म्हणजे देवाला फसवणं आहे, असं त्याचं म्हणणं. महेशकुमारनं खूप समजावलं. गुंडाप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि चुन्याची गोणी कुठं ठेवलीय ते सांगून निघून गेला.

शेवटची मॅच घरच्याच मैदानावर, हुमनाबादवाल्यांशी. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं, नाहीतर खाली. मोसमाचा शेवट म्हणून क्लबनं नागसेनच्या बायकोला, शोभाबाईंना बोलावलं होतं. शाल दिली, फुलं दिली, दोन शब्द बोलले आणि गोलच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. गुंडाप्पा तिथंच मागं उभा होता.

मॅच एक-एक अशी अडकली. शेवटची पंधरा मिनिटं उरली आणि हुमनाबादच्या एका पोरानं गोलसमोर नागराजला पाडलं. नागराज गुंडाप्पाचाच पुतण्या. रेफरीनं पेनल्टी दिली. मैदान उसळलं. नागराजनं चेंडू चुन्याच्या ठिपक्यावर ठेवला, तेवढ्यात हुमनाबादचा गोलकीपर पुढं आला आणि ठिपका फार जवळ आहे म्हणून अडून बसला.

लोकांनी त्याची टर उडवली. भ्यायलास तर आईला बोलव, म्हणे ठिपका लांब पाहिजे, वगैरे. पण रेफरी तरुण आणि काटेकोर होता. त्यानं पिशवीतून टेप काढली, गोलच्या रेघेपासून मोजलं आणि मान हलवली. एक पाऊल कमी होतं.

महेशकुमार धावत आला. शक्य नाही म्हणाला, गेल्या साली जिल्ह्याच्या माणसांनी मोजलं तेव्हा ठिपका बरोबर निघाला होता, आणि तेव्हापासून आजवर हाच माणूस मारतोय. सगळ्यांनी गुंडाप्पाकडे पाहिलं.

गुंडाप्पा आत आला. बारा पावलं चालूनच ठिपका मारलाय, असं त्यानं शांतपणे सांगितलं. रेफरी म्हणाला, दाखवा चालून.

आता गुंडाप्पा एक-दोन-तीन असं मोजणारा माणूस नव्हे. बारा पावलं म्हणजे बारा ज्योतिर्लिंगं, हा त्याचा पहिल्यापासूनचा हिशोब. पावलागणिक एक नाव घ्यायचं, नावं संपली की थांबायचं. रेघेवर उभा राहून तो चालायला लागला, एका लयीत, कीर्तनातल्यासारखा. सोमनाथ, मल्लिकार्जुन, महाकाळ, ओंकार, भीमाशंकर, रामेश्वर, नागनाथ, विश्वेश्वर, त्र्यंबक, केदार, घृष्णेश्वर. आणि बरोबर ठिपक्यावर येऊन थांबला.

महेशकुमार बोटांवर मोजत होता. त्यानं परत एकदा मोजलं. मग हळूच म्हणाला, "अण्णा, अकराच झाले की."

कुणीतरी हसलं. गुंडाप्पानं मनात नावं परत घेतली, आणि त्याला कळेना की कुठला देव सुटलाय. चौदा वर्षं हीच नावं, याच क्रमानं. मग गेल्या साली ठिपका बरोबर कसा निघाला?

शोभाबाई खुर्चीवरून उठून, शाल सावरत मैदानात आल्या. बाई मैदानात आली म्हणून रेफरीनं शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि तशीच धरून ठेवली.

"परळी," शोभाबाई म्हणाल्या. "अण्णा, तुमी परळी सोडताव. पयल्यापासनं."

गुंडाप्पा त्यांच्याकडे बघत राहिला. परळीला तर तो तीनदा जाऊन आला होता, एकदा चालत.

त्या सांगायला लागल्या. पहिल्या वर्षीच नागसेनच्या ध्यानात आलं होतं. गुंडाप्पा पुढं नावं घेत चालायचा आणि थांबायचा, नागसेन मागून चुन्याचा डबा घेऊन यायचा. तो गुंडाप्पाला ओलांडून अजून एक पाऊल पुढं जायचा आणि तिथं ठिपका टाकायचा. गुंडाप्पा तोवर दुसऱ्या टोकाच्या रेघेकडे निघालेला असायचा. शोभाबाईंनी एकदा नवऱ्याला विचारलं होतं, मग सांगत का नाही त्याला?

"ते हसले," शोभाबाई म्हणाल्या. "म्हनले, त्येचे देव त्येनं मोजावं. एक मी मोजतो, काय बिगडायलंय? सांगितलं तर उगी त्येचा सूर तुटंल."

हुमनाबादच्या गोलकीपरनंसुद्धा हातमोजे काढले.

तुम्हाला वाटेल, आता गुंडाप्पा मोकळा झाला, ढसाढसा रडला. तसं काही झालं नाही. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. अकराव्या पावलावरचा ठिपका त्यानं चपलेनं पुसला. एक पाऊल पुढं गेला. डबा हातात नव्हता, कुणीतरी आणून दिला. चिमूटभर चुना टाकला, तो ठिपका वाकडा पडला. नागसेनचा कधी वाकडा पडला नव्हता.

नागराजनं पेनल्टी मारली. चेंडू वरच्या दांडीला लागून रस्त्यावर गेला. मॅच बरोबरीत सुटली आणि नवप्रभात खालच्या गटात गेला. या मोसमात घरच्या मैदानावर पाच पेनल्ट्या झाल्या होत्या, काही आपल्याला, काही त्यांना. ठिपका दोघांनाही सारखाच जवळ होता, त्यामुळे त्यावर खापर फोडायचीही सोय नव्हती. हॉटेलात मात्र पुढचे आठ दिवस फोडलंच.

लोक पांगले. गुंडाप्पा शोभाबाईंना घरापर्यंत सोडायला गेला. वाटेत त्यानं एवढंच म्हटलं, "वैनी, भूक लागायलीय." त्यांनी सकाळची ज्वारीची भाकरी आणि पातळ पिठलं वाढलं. तो जेवला आणि परत वाढून घेतलं. नागसेनचं नाव दोघांनीही काढलं नाही.

तिथून तो महेशकुमारच्या दुकानात गेला. महेशकुमार शटर अर्धं ओढून, तोंड पाडून बसला होता. क्लब खाली गेलाय, आता कोण येणार मॅच बघायला, असं तो म्हणत होता. गुंडाप्पा बाकावर बसला, पाणी प्याला, आणि आपलं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

महेशकुमारनं मान वर केली. मन लागायलंय का आता, असं त्यानं विचारलं.

"न्हाई," गुंडाप्पा म्हणाला. "आजून काय बी वाटंना. पर खालच्या गटातबी लायनी माराव्या लागत्यात की." मग तो म्हणाला, "मी मोजीत पुढं चालतो. निस्तं माझ्या मागनं कुनीतरी चालायला द्या."

मग परळीचं नाव घालून मोजायला लागा की, असं महेशकुमारनं सुचवलं. गुंडाप्पानं नाही म्हणून मान हलवली. अकराच घेणार, म्हणाला.

तर मंडळी, बुवांच्या पाठीमागं टाळ वाजवणाऱ्या गुंडाप्पाला तुम्ही बघालच, उजवीकडून तिसरा. त्याला काही विचारू नका. पण हात जोडाल तेव्हा, ज्याला हात जोडत असाल त्याच्यापुढं, दुबलगुंडीच्या नागसेन रंगाऱ्याचं नाव एकदा मनात आणा. त्याला देव नव्हता. पण आमच्या एका देवाचं पाऊल तो चौदा वर्षं, न बोलता, स्वतः चालला. तेवढी त्याची आठवण ठेवा.