सत्तरीचे दात

मी एक कवळी बोलतेय. ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? करा. माझा जन्म तोंडातच जायचा, त्यामुळे माणसांच्या तोंडांची सगळी नाटकं मला पाठ आहेत.

मला ज्यांनी घडवलं, त्यांना सगळे मास्तर म्हणत. दवाखान्यांतून हिरड्यांचे प्लॅस्टरचे साचे त्यांच्याकडे यायचे आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसायचं, नुसता नंबर आणि वय. माझ्या चिठ्ठीवर नेमकं वय लिहायचं राहिलं होतं. फोन करून विचारता आलं असतं, पण मास्तरांचा आपल्या अंगठ्यावर भारी भरवसा. त्यांनी साच्यावरून अंगठा फिरवला. हाड झिजून सपाट झालेलं. "सत्तरीच्या पुढचं माणूस दिसतंय," म्हणाले आणि कामाला लागले.

म्हाताऱ्याच्या तोंडात पांढरेशुभ्र दात घातले की ती कवळी न राहता जाहिरात होते, असं मास्तरांचं मत. म्हणून त्यांनी मला पिवळसर दात निवडले, कडा घासून बोथट केल्या, पुढचा एक दात किंचित तिरपा बसवला. काम इतकं बेमालूम झालं की स्वतःवरच खूश होऊन त्यांनी मला डबीत घातलं.

दवाखान्यात डबी उघडली, तेव्हा समोर खुर्चीत चौतीस वर्षांचा माणूस बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं आणि त्याच्या हातात आरसा दिला. "चूक झाली हो. दुसरी करून देते. तीन आठवडे लागतील."

"नको. रविवारी पोरगी येणार आहे माझी. पाच वर्षांनी. बोळकं घेऊन कसा बसू तिच्यासमोर?" तो म्हणाला.

शेजारी त्याची ताई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. दुसरी कवळी करायला सांगून त्याने मला तशीच घरी नेलं.

हा माणूस पाट्या रंगवायचा. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा हात. बायको बाळंतपणात गेली. तान्ही पोर आणि डोक्यावर कामाचा डोंगर. कुणीतरी काचेच्या चुऱ्यासारखी नशेची भुकटी दिली, मेथ तिचं नाव. दोन-दोन दिवस झोप नको, जेवण नको, थकवा नाही. त्याला वाटलं, देवच पावला. पोर तीन वर्षांची झाली तेव्हा ताई तिला उचलून घेऊन गेली, कारण घरात तिला जेवू घालायची शुद्ध कुणाला नव्हती.

आता ती भुकटी सोडून त्याला सव्वा वर्ष झालं होतं. त्याने सोडलं, पण शरीराने जुना हिशेब सोडला नाही. तोंडाला लाळ सुटत नाही. मी कोरड्या हिरड्यांवर घासत राहते. जबडा अजून उगाचच करकरतो. त्याच सवयीने त्याचे खरे दात खाल्ले. हाताला असा कंप की चहा कपापेक्षा बशीत जास्त. गॅसवर दूध ठेवलेलं विसरतो. गालांवर खाजवून केलेल्या जखमांचे व्रण आहेत. एकदा तर माझ्यात कुणीतरी ऐकायचं यंत्र बसवलंय या संशयाने त्याने मला चाकूने खरवडलं. मी ऐकते हे खरंच, पण माझ्यात तार नाही हो! नंतर शरमून त्याने मला धुतलं. आणि हृदय? डॉक्टर म्हणाले, ते फुगलंय, दमलंय. दहा पायऱ्या चढला की अकरावीवर बसतो.

तरीही त्या आठवड्यात तो आनंदात होता. पोरीला तो ससुली म्हणायचा. नव्या कवळीने 'स' म्हणताना शिट्टी वाजते. आरशासमोर बसून तो दिवसभर घोकायचा, "ससुली, मी बाबा. ससुली, मी बाबा." मीही जीव तोडून साथ दिली. शनिवारपर्यंत शिट्टी गेली.

रविवारी ताई खाली रिक्षावाल्याशी बोलत राहिली आणि पोर एकटीच धावत वर आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, हातात शिडीवरच्या बाबांचा फोटो. तिने खोलीभर नजर फिरवली आणि त्याला विचारलं, "आजोबा, माझे बाबा कुठे आहेत?"

आठवडाभर घोकलेलं वाक्य माझ्या मागे तयार होतं. तो म्हणाला, "कामाला गेलेत. लांब. मोठी पाटी रंगवायची आहे."

दारात आलेल्या ताईने ते ऐकलं. पोर पाणी प्यायला गेली तशी ती कुजबुजली, "अरे, डोकं फिरलंय का तुझं?"

"तिच्या हातात फोटो बघ, ताई. तो माणूस राहू दे तिच्याकडे."

"आणि तू?"

"सांगेन. पुढच्या रविवारी."

तो पुढचा रविवार काही उजाडेना. पोर मात्र दर आठवड्याला यायची, बाबांच्या गोष्टी ऐकायची आणि "आजोबा, बाबा कधी येणार?" विचारून जायची. दुसरी कवळी आली, तरुण, पांढरी. ती डबीतच राहिली. आजोबाला ती कशी चालणार? तो मलाच लावायचा. मास्तरांच्या अंगठ्याचा मला तेव्हा फार राग आला, पण खरं सांगायचं तर अंगठा चुकला नव्हता. त्या हिरड्या सत्तरीच्याच होत्या.

परवा त्याला दम लागला आणि इस्पितळात आणलं. तोंडावर मास्क लावायचा म्हणून नर्सबाईंनी मला काढून पाण्याच्या वाटीत ठेवलं.

आज दुपारी ताई पोरीची चिठ्ठी घेऊन आली. "आजोबांकडे दे, ते बाबांना पोचवतील, असं म्हणाली," ताईने सांगितलं आणि डोळे पुसत वाचून दाखवलं:

"बाबा, तुम्ही पाटी अर्धी ठेवून लगेच या. आजोबा खूप आजारी आहेत. ते तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलतात. तुम्ही यायच्या आत ते गेले तर मला खूप वाईट वाटेल."

त्याने मास्क बाजूला केला. ओठ हलले, नुसती हवा आली. मग त्याने बोट माझ्या वाटीकडे केलं. ताईला वाटलं तहान लागली. तिने चमच्याने ओठ ओले केले. त्याने मान हलवली आणि पुन्हा बोट केलं. तिने पुन्हा पाणी दिलं.

ताई, त्याला पाणी नकोय गं. उद्या रविवार आहे, आणि घोकलेलं वाक्य अजून म्हणायचं राहिलंय. मला उचल आणि त्याच्या तोंडात बसव.