माझे वाकडे खिळे

मी पाचिंको बोलतोय. जपानी बनावटीचा, पन्नाशी ओलांडलेला, एका घराच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला. आधीच सांगून टाकतो, मला माणसांच्या हातांची धास्ती वाटते. त्यातही सुधारणा करायला निघालेल्या हातांची.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझं नावही ऐकलं नसेल. मी एक खेळ आहे. उभी लाकडी चौकट, समोर काच, काचेमागे रंगीत फळी आणि त्या फळीत ठोकलेले दोनशेच्या वर पितळी खिळे. उजवीकडे खाली एक खटका. तो अंगठ्याने दाबून सोडला की पोलादी गोळी सुटते, वर जाते आणि खिळ्यांवर आपटत, टणटणत खाली येते. वाटेत एखाद्या कप्प्यात शिरली तर घंटी वाजते आणि पंधरा गोळ्या बक्षीस मिळतात. नाही शिरली तर तळाच्या भोकातून गेली. विषय संपला.

आता नीट ऐका, कारण माझं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर टांगलेलं आहे. माझे खिळे सरळ नसतात.

मी जपानमधल्या ज्या खेळघरात पहिली चार वर्षं काढली तिथे एक खिळेवाला होता. तोंडाचा फटकळ, पण हाताचा हलका. दार उघडायच्या आधी तो माझ्यासमोर स्टुलावर बसायचा आणि इवल्याशा हातोडीने एकेका खिळ्याला टिचकी मारायचा. याला केसभर वर, त्याला नखभर डावीकडे. मधल्या कप्प्याच्या डोक्यावर दोन खिळे शेजारी शेजारी आहेत. त्यांना तो प्राणखिळे म्हणायचा. त्यांच्यामधून गोळी जेमतेम जाते. फट मोठी झाली तर मी खुळ्यासारखा वाजत सुटतो, लहान झाली तर मुका होतो. "सरळ खिळा म्हणजे मेलेला खिळा," असं तो म्हणायचा. त्याच्यानंतर मला इतकं ओळखणारं कुणी भेटलं नाही.

पुढे नवी, दिव्यांची मशीनं आली आणि माझी रवानगी झाली. पेट्यांतून, जहाजांतून, गोदामांतून फिरत शेवटी इकडच्या एका न्हाव्याच्या दुकानात शोभेला लागलो. गिऱ्हाइकं माझ्या काचेत पाहून भांग पाडायची. एवढाच उपयोग. न्हाव्याने दुकान बंद केलं तेव्हा मला बाहेर फरशीवर ठेवलं. काच फुटली. तिथून मला या घरातल्या मुलीने उचललं.

ही मुलगी कवळ्या बनवते. म्हणजे दातांच्या दवाखान्यांना लागणाऱ्या कवळ्या जिथे तयार होतात तिथे कामाला आहे. त्याआधी कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षाला तिने ते सोडलं. तिच्या बाबांनी अजून तिला माफ केलेलं नाही. हे बाबा कारखान्यात तपासनीस होते. तीस वर्षं हातात पट्टी आणि काटकोन तपासायचा गुण्या. वाकडं ते नापास. निवृत्त झाले, पण सवय कुठे निवृत्त होते? आता ते पोळ्यांच्या कडा तपासतात.

मला पाहिल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हे काय उचलून आणलंस? घरात एक बिनकामाचं कमी होतं का?"

"एक कोण, बाबा?"

"समजायचं त्याला समजलं."

मुलगी हसली. तिला सवय असावी. मला नव्हती.

आठ आठवडे तिने माझ्यावर कष्ट घेतले. मागचे पत्रे सोडवले, गंज काढला, खटक्याची स्प्रिंग बदलली. कप्प्यावरच्या प्लॅस्टिकच्या फुलाची एक पाकळी तुटली होती, ती तिने कवळीच्या मसाल्यातून ओतून बसवली. त्यामुळे माझी एक पाकळी हिरडीच्या रंगाची आहे. आई म्हणाली, "अगं, हे हसल्यासारखं दिसतंय." फक्त गोळी सोडून घंटी वाजवून पाहायची राहिली होती. नवी काच यायची होती, म्हणून माझी छाती उघडी होती.

जेवताना तिने बाबांना बजावलं होतं. "एकच सांगते. खिळ्यांना हात लावू नका. ते मुद्दाम वाकवलेले असतात."

"बरं, बरं."

वडीलधाऱ्यांचं 'बरं, बरं' म्हणजे काय, हे तुमच्या घरातही कुणी असेल तर तुम्हाला ठाऊक आहे. ऐकलं नाही, एवढंच त्यांना कळवायचं असतं.

मंगळवारी ती कामाला गेली. बाबांनी वर्तमानपत्र संपवलं, शब्दकोडं संपवलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे बारीक केले. गुण्या आणला. तो माझ्या फळीला लावला आणि ते चुकचुकले. माझ्या पोटात गोळा आला. तसा तो एरवीही असतो, पण हा वेगळा.

तिची हातोडी घेऊन त्यांनी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. टक. टक. एकेक खिळा काटकोनात. खिळेवाल्याच्या चार वर्षांच्या टिचक्या एका दुपारी मिटत होत्या, आणि मला ओरडायला एक घंटी आहे, तीही माझ्या हातात नाही. ओळीमागून ओळ ते मध्याकडे सरकत होते. मी प्राणखिळ्यांपर्यंतचे खिळे मोजत होतो. नऊ. सात. चार.

आई ओट्यापाशी होती. ती पदराला हात पुसत आली. "अहो, तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? डोळ्यांना वाकडं दिसतंय."

"ती नको म्हणाली होती."

"तिला काय कळतंय? कळत असतं तर परीक्षेला बसली असती."

टक. डावा प्राणखिळा सरळ झाला. टक. उजव्याला मुळापाशी बारीक चीर गेली. ते पितळ किती जुनं आहे, हे गुण्याला मोजता येत नाही. उजव्या अर्ध्या फळीला हात घालणार तोच जिन्यात तिच्या चपला वाजल्या.

ती दारातच थांबली. पिशवी खांद्यावरच होती. माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हाताकडे.

"निम्मं काम करून ठेवलंय तुझं," बाबा म्हणाले. आभाराची वाट पाहत.

तिने आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं करेल. तिने काचेच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा टेकवला, गोळ्या भरल्या आणि खटका मारला. पहिली गोळी डावीकडून सरळ तळाला. दुसरी तशीच. वीस गोळ्या गेल्या, वीसही भोकात.

"नेम चुकतोय तुझा. बाजूला सर," म्हणून बाबा बसले. त्यांच्याही वीस गेल्या. त्यांनी चष्मा पुसला. "मशीनच खराब असेल. मुळात."

"मशीन चांगलं होतं, बाबा. सकाळपर्यंत."

"मग आधी नीट सांगायचं ना!"

आईने कपाळाला हात लावला. मुलीने टेबलावरचा दिवा उचलून बाबांच्या हातात दिला. "धरा. आणि बोलू नका."

मग तिने भिंग लावलं. कवळ्या बनवणाऱ्यांना एक गोष्ट कळते. माणूस कुठल्या बाजूने चावतो ते दाताच्या झिजेवरून दिसतं. माझ्या प्रत्येक खिळ्यावर गोळ्या आपटून एकेक चकचकीत ठिपका झालाय. तो ठिपका कुठे तोंड करून होता हे शोधत ती खिळे परत वाकवू लागली. जेवणं झाली नाहीत. ताटं झाकून ठेवली गेली. बाबा दिवा धरून उभे. मधूनच ते हात बदलायचे आणि माझ्या अंगभर सावल्या हलायच्या.

प्राणखिळ्यांपाशी ती थांबली. पितळ एकदा वाकतं, दुसऱ्यांदा कुरकुरतं, तिसऱ्यांदा तुटतं. चिरलेल्या खिळ्यावर तिने हातोडी टेकवली, मारली नाही. श्वास रोखून नुसता दाब दिला. मी आतून किरकिरलो. खिळा केसभर वर आला आणि राहिला.

पत्रा पुन्हा टेकवल्यावर सातव्या गोळीला घंटी वाजली. कितीतरी वर्षांनी मी माझाच आवाज ऐकला. पंधरा गोळ्या खळखळत आल्या. आई टाळ्या वाजवू लागली. मुलगी खाली फरशीवरच बसली, तोंड झाकून.

आणि बाबा म्हणाले, "बघ. सरळ केल्यावर वाजलं ना!"

तिने तोंडावरचा हात काढला, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झाकलं. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

त्याला आता दहा दिवस झाले. काच अजून आलेली नाही. चीर गेलेला खिळा अजून उभा आहे, पण प्रत्येक गोळीला माझा जीव वरखाली होतो. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कसा दुरुस्त झालो ते सांगतात, आणि सांगता सांगता माझ्या उजव्या बाजूकडे पाहतात. तिकडचे खिळे अजून वाकडे आहेत. मुलगी कामाला जाताना हातोडी पिशवीत घालून नेते. तिला वाटतं, तेवढ्याने भागलं.

बाबांच्या खणात पक्कड आहे. काल त्यांनी त्या पक्कडीला तेल दिलं.

तुम्ही कुणी मुलीच्या कामाच्या वाटेने जात असाल तर तिला सांगा.